नाताळनंतरच्या रविवारी हेरोदाचा पाठ आला, तर काय बोलावं?

सलाम.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजून घेण्यात माझं काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही सौंसरकडच्या एका लहान लुथरन मंडळीतले. घरी मराठी बोलता, उपासना हिंदीत होते. पाळकसाहेबांकडे बरीच गावं आहेत, म्हणून २८ डिसेंबरच्या रविवारची उपासना आणि संदेश त्यांनी तुमच्यावर सोपवलाय. पाठ निघालाय मत्तय २:१३-२३, म्हणजे मिसराला (इजिप्तला) पलायन आणि हेरोद राजाने करवलेली बेथलेहेमातल्या बाळांची कत्तल. तुम्ही विचारता की करंज्यांचे डबे अजून रिकामे झाले नाहीत, चांदणी अजून दारावर लटकतेय, अशा दिवसांत हे वाचायचं कसं? पाठ बदलला तर चालेल का? आणि त्या रविवारी जेमतेम पंधरा-वीस माणसं येतात, तर नुसती गाणी म्हणून उपासना आटोपली तर काय बिघडलं?

मग पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीत, की मंडळीतल्या एका घरचं दीड वर्षाचं लेकरू श्रावणात तापाने गेलं आणि त्याचे आईबाप त्या दिवशी बहुतेक येतील.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हाच आहे. बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याभोवती आहेत. त्या आईच्या समोर उभं राहून हा पाठ वाचायचा धीर कुठून आणू, असं तुम्ही विचारताय. तेव्हा उत्तरही तिथूनच देते.

मी पाळक नाही. बैतूल-छिंदवाड्याकडे मिशनच्या हॉस्पिटलात परिचारिका होते, बराच काळ बाळंतिणींच्या वॉर्डात. पाळकांनी सांगितलं तसं आजूबाजूच्या लहान मंडळ्यांत वचनही सांगत आले. महाराष्ट्रातल्या वाचकांना लुथरन मंडळी, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन सुधारक मार्टिन लुथरची परंपरा मानणारी मंडळी, तितकी परिचयाची नसते, कारण तिकडच्या बहुतेक मराठी प्रॉटेस्टंट घरांचा इतिहास अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन किंवा अँग्लिकन मिशनशी जोडलेला आहे. आमच्याकडे एकोणिसाव्या शतकात स्वीडनहून मिशनरी आले, आणि आज छिंदवाड्याला मुख्यालय असलेली मध्य प्रदेशातली लुथरन मंडळी त्यांच्या कामातून उभी राहिली. सौंसर, पांढुर्णा, मुलताई या पट्ट्यात मराठी बोलणारी घरं पुष्कळ, म्हणून तुमचा प्रश्न मराठीत आला याचं मला नवल वाटलं नाही. बरंच वाटलं.

काही गोष्टी मात्र तुमच्या तिथल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पाठ बदलायचा की नाही, हे पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय ठरवू नका. लुथरन मंडळीत वचन सांगणं आणि संस्कार देणं ही नेमून दिलेली जबाबदारी मानतात. १५३० च्या आउग्सबुर्गच्या विश्वासांगीकाराचं, म्हणजे लुथरन विश्वासाच्या मुख्य जाहीरनाम्याचं, चौदावं कलम त्याविषयीच आहे. तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून उभे राहताय, तर त्यांच्याशी बोलून घेणं तुमच्याच सोयीचं आहे. दुसरं म्हणजे त्या आईबापांचं दुःख आज कुठल्या टप्प्यावर आहे, ते लेकराविषयी बोलतात की विषय निघाला की उठून जातात, हे मला इथून कळणार नाही. ते तुम्हाला त्यांच्या घरी जाऊनच कळेल. त्याविषयी पुढे सांगते.

तरी माझं मत विचाराल, तर पाठ बदलू नका.

याचं कारण पंचांगात आहे. आपण नाताळ म्हणजे २५ तारीख धरून बसतो. मंडळीच्या वर्षात नाताळचा काळ २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या एपिफनीपर्यंत, म्हणजे ताऱ्यामागून बाळाला पाहायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या सणापर्यंत चालतो, आणि त्यातले पहिलेच दिवस कसे लावलेत पाहा. २६ ला स्तेफनाचा दिवस, ज्याला दगडमार करून मारलं. २७ ला प्रेषित योहानाचा. २८ ला बेथलेहेमच्या निष्पाप बाळांचा. २०२५ मध्ये ही २८ तारीख रविवारीच आलीय. जगभरच्या पुष्कळ लुथरन मंडळ्या जी तीन वर्षांची पाठसूची वापरतात, तिच्या पहिल्या वर्षात नाताळनंतरच्या पहिल्या रविवारी हाच पाठ असतो. दुसऱ्या वर्षी लूक २ मधले, मंदिरात बाळ येशूला भेटणारे शिमोन आणि हन्ना येतात, तिसऱ्या वर्षी बारा वर्षांचा येशू मंदिरात.

तुम्ही म्हणाल, मग शिमोनाचा पाठ घेऊ, तो तरी गोड आहे. त्याला आधारही आहे. जुन्या एका वर्षाच्या सूचीत या रविवारचं शुभवर्तमान शिमोन आणि हन्ना यांचंच होतं, आणि जर्मनीत आजही त्या रविवारचं मुख्य शुभवर्तमान तेच आहे. पण शिमोन बाळाला हातात घेऊन देवाची स्तुती करतो आणि लगेच मरीयेकडे वळून सांगतो की तुझ्याही जिवात तलवार शिरेल. तिसऱ्या वर्षीचा पाठ काढलात, तर तिथे आईबाप हरवलेल्या पोराला तीन दिवस शोधत फिरतायत. म्हणजे कुठलाही पाठ घ्या, गव्हाणीजवळून दुःख हटत नाही. ज्यांनी हे दिवस लावले त्यांनी ते चुकून लावलेले नाहीत. शब्द देह झाला असं आपण २५ तारखेला मोठ्याने म्हणतो. देह झाला म्हणजे त्याला भूक लागणार, थंडी वाजणार, त्याच्यामागे तलवार लागणार. २५ ला जे कबूल केलं त्याचा अर्थ पुढच्या दिवसांत कळायला लागतो.

लुथरन परंपरेत हे भान पूर्वीपासून आहे. जर्मन संगीतकार बाखने १७३४-३५ च्या नाताळात लायप्त्सिगच्या मंडळ्यांसाठी सहा भागांची संगीतरचना केली, नाताळच्या तीन दिवसांपासून एपिफनीपर्यंत एकेका दिवशी एकेक भाग. तिच्या पहिल्या भागातल्या पहिल्या स्तुतिगीताची आणि अगदी शेवटच्या गीताची चाल एकच आहे, आणि ती चाल लोक दुःखसहनाच्या गीतासाठी ओळखतात. त्या मंडळीने नाताळच्या आनंदात शुभ शुक्रवारची चाल ऐकली आणि तरीही तो आनंदच राहिला.

आता पाठाकडे या. संदेश तयार करताना मी आधी पाठाची जागा आणि माणसं नीट समजून घेते, मग काय बोलायचं ते ठरवते. योसेफाला रात्री स्वप्नात सूचना होते आणि तो रात्रीच निघतो. त्या काळी मिसरात, विशेषतः आलेक्सांद्रियात, यहुद्यांची मोठी वस्ती होती, म्हणजे जीव मुठीत धरून निघालेली माणसं जिथे आपलं कोणी भेटेल तिकडेच निघाली. हेरोद पुढे इ.स.पूर्व ४ मध्ये मेला. राज्य जाईल या धास्तीने त्याने पोटच्या तीन मुलांना, आलेक्सांद्र, अरिस्तोबूल आणि अंतिपात्र यांना, ठार करवलं. हे यहुदी इतिहासकार योसेफसने लिहून ठेवलंय. बेथलेहेमची घटना मात्र त्याच्या ग्रंथात नाही. मंडळीतल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाने हे काढलं तर गडबडू नका. बेथलेहेम लहानसं गाव, तिथे दोन वर्षांच्या आतले मुलगे मूठभरच असणार. राजांचा आणि लढायांचा इतिहास लिहिणाऱ्याच्या नजरेतून एका खेड्यातली मूठभर लेकरं सहज सुटतात. मत्तयाने त्यांना आपल्या शुभवर्तमानात जागा दिली. तुमच्या मंडळीतल्या घरालाही हे ऐकू येईल.

एक अडचण क्रमाची आहे, ती आधीच सांगून टाका. मत्तयात आधी मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ते ज्ञानी, येतात, मग हेरोद चिडतो, मग पलायन. आपण मात्र २८ ला पलायन वाचतो आणि मागी लोकांचा पाठ ६ जानेवारीला. लोक गोंधळतात. वाचण्याआधी दोन वाक्यांत सांगा की पूर्वेकडून आलेले मागी हेरोदाला न भेटता परत गेले आणि त्यावरून तो भडकला. तेवढं पुरतं.

आता काय बोलायचं. त्याआधी काय बोलू नये हे सांगते, कारण या पाठावर संदेश घसरण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली वाट म्हणजे "यात देवाची काहीतरी योजना होती" असं सांगून मोकळं होणं. मत्तयाने तसं कुठेही लिहिलेलं नाही. कत्तलीचा हुकूम हेरोदाचा, राग हेरोदाचा, पाप हेरोदाचं. मिसराला जाण्यामागे देव होता हे मत्तय सांगतो, बाळं मारण्यामागे देव होता असं तो म्हणत नाही. तिथे तो फक्त यिर्मया संदेष्ट्याच्या शब्दांत राहेलीचं, म्हणजे इस्राएलाच्या पूर्वज आईचं, रडणं आठवतो. जे मत्तयाने देवाच्या माथी मारलं नाही, ते आपण मारू नये. मी वॉर्डात पाहिलंय, "देवाची मर्जी" हे शब्द आईच्या कानात किती खोल जाऊन बसतात. पुढे ती त्या देवाला प्रार्थना करायलाच घाबरते.

दुसरी वाट म्हणजे हेरोदाला आपल्या मनात शोधणं. "आपल्या प्रत्येकात एक हेरोद आहे, त्याला काढून टाका." हे खोटं नाही, आणि दुसऱ्या एखाद्या रविवारी मी ते बोलेनही. पण लुथरन उपदेशात आपण नियमशास्त्र आणि शुभवर्तमान यांत फरक करायला शिकतो. नियमशास्त्र माणसाला काय करायला हवं ते सांगतं आणि कुठे कमी पडलो ते दाखवतं. शुभवर्तमान देवाने ख्रिस्तात आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. ज्या बाईचं लेकरू गेलंय तिला त्या दिवशी आणखी एक काम देऊ नका. "योसेफासारखे आज्ञाधारक व्हा" हेही कामच झालं. योसेफ उठला आणि त्याचं बाळ वाचलं. मग तिने काय कमी केलं होतं? ती तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन दवाखान्यात धावलीच होती ना?

तिसरी वाट घाईची आहे. वाचलं न वाचलं आणि "पण शेवटी सगळं ठीक झालं, येशू वाचला" असं म्हणत गाण्याकडे वळायचं. बेथलेहेमच्या आयांचं काही ठीक झालेलं नव्हतं.

मग यात शुभवर्तमान कुठे आहे? माझ्या समजुतीप्रमाणे ते दोन ठिकाणी आहे.

एक राहेलीच्या रडण्यात. राहेल बाळंतपणात गेली आणि बेथलेहेमच्या वाटेवर तिला पुरलं, हे उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायात आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात काम केलेल्या मला ही ओळ कधी नुसती वाचता आली नाही. यिर्मयाच्या काळात बाबेलला न्यायच्या बंदिवानांना रामा इथे गोळा केलं होतं, आणि तो म्हणतो, तिथे राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय आणि तिला सांत्वन नको आहे. यिर्मयात याच्या लगेच पुढे देव आशेचे शब्द बोलतो. मत्तय तिथपर्यंत जात नाही. तो तिला रडू देतो. पवित्र शास्त्रात, नाताळच्या गोष्टीच्या मधोमध, सांत्वन नको म्हणणाऱ्या आईला जागा आहे आणि तिला कोणी गप्प करत नाही. त्या घरातल्या आईला एवढं कळलं की मंडळीत येऊन रडलं तरी चालतं, तरी रविवार फुकट गेला नाही.

दुसरं ठिकाण स्वतः ते बाळ आहे. त्या दिवसाच्या पाठांतले यशया ६३:७-९ आणि इब्री २:१०-१८ हाताशी ठेवा. यशया म्हणतो, लोकांच्या संकटात देवही संकट सोसत होता. इब्रीकरांस पत्र म्हणतं, मुलं रक्तमांसाची म्हणून तोही रक्तमांसाचा झाला, आणि स्वतः सोसलं म्हणून सोसणाऱ्यांना मदत करायला तो समर्थ आहे. येशू हेरोदाच्या तलवारीतून सुटला. पुढे तो मोठा झाला, यरुशलेमला गेला, आणि तिथे सुटला नाही. बेथलेहेमच्या बाळांना जे मरण आलं, त्याच मरणात तो स्वतःच्या पायांनी चालत गेला आणि तिसऱ्या दिवशी त्यातून उठला. म्हणून ती बाळं त्याच्याकडे आहेत असं आपण म्हणू शकतो. आपली आशा यावर उभी आहे, एका रात्री एक घर वाचलं यावर नाही.

"देवदूत योसेफाकडेच का आला, बाकीच्या बापांकडे का नाही?" हा प्रश्न कोणी ना कोणी विचारेल. मला तो हॉस्पिटलात वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा विचारला गेला. याचं उत्तर शास्त्र देत नाही. तुम्हीही देऊ नका. ज्याने विचारलं त्याच्याजवळ बसा. हवं तर एवढंच म्हणा, "हे मीही देवाला विचारतो." स्तोत्रांत असे प्रश्न देवाच्या तोंडावर विचारलेले आहेत.

संदेश छोटा ठेवा, दहा-बारा मिनिटांचा. सुरुवात साधी करा. मी असं काहीतरी म्हणेन: "आज जो पाठ वाचला तो ऐकायला जड आहे. आपल्यातल्या काहींना तो जास्त जड आहे. तरी मंडळी तो दर काही वर्षांनी वाचते, कारण ज्या जगात येशू जन्मला ते हेच जग आहे." मग राहेलीविषयी, मग येशूविषयी, मग थांबा. प्रश्न उपस्थित करून सोडून देऊ नका आणि सगळं सोडवून दाखवायचा प्रयत्नही करू नका. हिंदीत बोलायचं असलं तरी आधी मराठीत लिहून काढा. माणसाचं दुःख घरच्या भाषेत नीट सापडतं. मग ते हिंदीत सांगताना वाक्यं आपोआप साधी होतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, रविवारच्या आधीचं काम.

२६ किंवा २७ तारखेला संध्याकाळी त्या घरी जा. सोबत कोणी तरी न्या, शक्यतो मंडळीतली एखादी पोक्त बाई. फराळ पुढे येईल, तो खा, नको म्हणू नका. मग सरळ सांगा की रविवारी बेथलेहेमच्या बाळांचा पाठ आहे, तो अचानक कानावर पडून तुम्हाला धक्का बसू नये म्हणून आलो. यायचं की नाही हे तुमच्यावर. यायचं असेल आणि मध्येच उठावंसं वाटलं तर दारापाशी बसा, कोणी मागे वळून पाहणार नाही. उपदेशात तुमच्या घराचं नाव घेणार नाही असंही सांगा, आणि तो शब्द पाळा. हे आधी सांगितलं की बहुतेक माणसं येतात. न सांगता पाठ वाचला तर ती पुन्हा येत नाहीत.

तिथे बसल्यावर लेकराचं नाव घ्या. मी पाहिलंय, मूल गेल्यावर लोक चार दिवसांत त्याचं नाव घ्यायचं बंद करतात. घरच्यांना त्रास होईल म्हणून घेत नाहीत. आईला मात्र वाटत राहतं की जग त्याला विसरलं. एका घरी मी नाव घेतलं तेव्हा बाईने कपाट उघडून विणलेलं टोपडं काढलं आणि बराच वेळ ते मांडीवर ठेवून बोलत राहिली. मी फक्त ऐकलं. "देवाला फूल आवडलं म्हणून त्याने खुडलं", "तुम्ही तरुण आहात, दुसरं होईल", "आता नाताळ आहे, रडू नये" यांतलं काहीही बोलू नका. दुसऱ्या कोणी बोललंच तर विषय हळूच बदला.

एक प्रश्न लुथरन घरांत हमखास येतो, तो बाप्तिस्म्याचा. लेकराचा बाप्तिस्मा झाला असेल तर त्या दिवसाची आठवण काढा, कोण धर्मपिता होता, कोण धर्ममाता होती, कुठलं नाव ठेवलं. देवाने त्याला नावाने आपलं म्हटलं, ते त्याने परत घेतलेलं नाही. बाप्तिस्मा राहून गेला असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात एक भीती असते, ती ते बोलून दाखवत नाहीत. १५४२ मध्ये लुथरने गर्भपात झालेल्या आणि मूल दगावलेल्या आयांसाठी एक छोटं सांत्वनपत्र लिहिलं. त्यात त्याने त्या आयांना दोष दिला नाही. विश्वासी आईच्या मनातली तळमळ देव प्रार्थना म्हणून ऐकतो, असा त्याचा धीर आहे. हे पुस्तकी बोलणं नव्हतं. त्याची एलिझाबेथ १५२८ मध्ये वर्षाचीही व्हायच्या आत गेली होती, आणि १५४२ मध्येच त्याची तेरा वर्षांची मग्दालेना गेली. घरच्या मुलांसाठी त्याने रचलेलं नाताळचं गीत १५३५ मध्ये छापलं गेलं, म्हणजे एक लेक पुरल्यानंतर. नाताळ आणि शोक एकाच घरात राहू शकतात, हे त्या घराने आपल्या आधी पाहिलंय.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, पाठ बदलू नका, त्या घरी आधी जा, देवाच्या नावावर हेरोदाचं पाप घालू नका, आणि राहेलीला रडू द्या. बाकीचं आता पटपट सांगते.

लहान मुलं त्या दिवशी असतीलच. पाठ संपूर्ण वाचा, पण शब्बाथशाळेच्या मुलांना आधी वेगळं सांगा: एका राजाला भीती वाटली की हे बाळ आपलं राज्य घेईल, म्हणून त्याने फार वाईट काम केलं, आणि येशूचे आईबाबा त्याला घेऊन दूर देशी गेले. मुलांना यातलं पळून जाणं लगेच कळतं, कारण कामासाठी घरदार सोडून निघालेली कुटुंबं त्यांनी आपल्याच शाळेत पाहिलेली असतात. गव्हाण अजून उचलली नसेल तर एक करून पाहा. उपासनेच्या सुरुवातीला एखाद्या मुलाकडून मरीया, योसेफ आणि बाळाच्या मूर्ती गव्हाणीतून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला लावा. कापसाची मेंढरं आणि गवत तिथेच राहू द्या. मुलं संपूर्ण उपासनाभर त्या रिकाम्या जागेकडे बघत बसतात आणि नंतर मोठ्या माणसांपेक्षा नेमके प्रश्न विचारतात.

गाणी नाताळचीच घ्या, काळ नाताळचाच आहे. फक्त ढोलकीच्या ठेक्याची दोन कमी करून संथ दोन घ्या. पाठसूचीत त्या दिवशी स्तोत्र १४८ आहे, ते सगळ्यांनी मिळून म्हणा. सूर्य, चंद्र, बर्फ, डोंगर, गुरंढोरं, सगळ्यांना स्तुतीला बोलावणारं हे स्तोत्र शेवटी म्हाताऱ्यांसोबत मुलांचंही नाव घेतं. तिथे आवाज थोडा अडखळला तर अडखळू द्या. बाळांच्या दिवसाचा रंग लाल असतो, पण रविवारी नाताळचा पांढरा ठेवणाऱ्या मंडळ्याही आहेत. तुमच्याकडे जे कापड आहे ते घाला, त्यावरून वाद नको.

माणसं कमी येतात याची काळजी सोडा. २५ ला सगळेच येतात, नवे कपडे घालून, पाहुण्यांसह. नंतरच्या रविवारी कोण येतं ते मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता पाठ झालंय. जिच्याकडे कोणी पाहुणे आले नाहीत ती विधवा बाई येते. नाताळच्या रात्री ड्यूटी केलेली नर्स येते. नवरा-बायकोचं सणातच भांडण झालेलं घर येतं. शहरातून मुलगा येईल म्हणून वाट पाहिली आणि तो आला नाही, ते आजोबा येतात. या माणसांना या पाठाची गरज २५ ला भरगच्च बसलेल्या मंडळीपेक्षा जास्त आहे. त्यांच्यासाठी तयारी करा, जेवढी नाताळला केली असती तेवढीच. उपासना झाल्यावर घाईने निघू नका, चहा ठेवा.

तुम्ही ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेविषयीही विचारलंय, विशेषतः वचनचिठ्ठ्यांविषयी, म्हणजे नव्या वर्षासाठी टोपलीतून उचलायच्या वचनांविषयी. वर्षाच्या सुरुवातीला वचन घेण्याची चाल चांगली आहे, आणि दररोज एक वचन छापण्याची जर्मनीतल्या हेर्नहुटची प्रथा १७३१ पासून चालू आहे. माझा आक्षेप टोपलीत आपण काय टाकतो याला आहे. सगळ्या चिठ्ठ्या यश, भरभराट आणि "तुझ्यावर अरिष्ट येणार नाही" याच असतील, तर ज्या घरात अरिष्ट येऊन गेलंय त्या घराने ती चिठ्ठी हातात घेऊन काय करायचं? लोक ती वर्षाचं भविष्य म्हणून वाचतात. या वर्षी चिठ्ठ्या तुम्ही लिहिणार असाल तर त्यांत स्तोत्र १३, स्तोत्र ४२, रोम ८ मधली शेवटची वचनं आणि यशया ४३ यांनाही जागा द्या. १ जानेवारीला गणना ६ मधला आशीर्वाद वाचतात, तोच आशीर्वाद लुथरने उपासनेच्या शेवटी ठेवला आणि आपण दर रविवारी ऐकतो. त्या दिवशी तो नीट सावकाश म्हणा, नववर्षाच्या शुभेच्छांच्या गर्दीत हरवू देऊ नका. पुढच्या रविवारी, ४ जानेवारीला, त्याच सूचीत यिर्मया ३१ मधलाच आधीचा भाग येतो, शोकाचा आनंद करीन असं देव म्हणतो तो. राहेलीच्या रडण्यापुढचं जे तुम्ही २८ ला बोलला नाहीत, त्याला तिथे जागा आहे. तोवर एक आठवडा गेलेला असेल, आणि ती घाई वाटणार नाही.

शेवटी एक विनंती पाळकसाहेबांकडे पोचवा. प्रभुभोजन तुम्ही देऊ शकत नाही, ते त्यांचं काम आहे, आणि इतक्या गावांच्या धावपळीत त्यांचा नाताळचा आठवडा कसा जातो हे मला ठाऊक आहे. तरी २९ नंतर आणि ६ जानेवारीच्या आत एक संध्याकाळ त्यांनी त्या घरासाठी काढावी, आणि भाकर व द्राक्षरस घेऊन तिथेच उपासना करावी. आजीआजोबा, शेजारपाजार, ज्यांना बसायचं ते बसू द्या. आजच त्यांना फोन करा. वर्षअखेरीचे हिशोब आणि सभा सुरू झाल्या की तारीख मिळणं अवघड होतं.